पहिल्या छोट्या ऑर्डरीचा प्रश्न

पुण्यात पाषाण येथे असलेल्या आयुध संशोधन व विकास संस्थेने, म्हणजे एआरडीईने, १५५ मिलिमीटरच्या नव्या ओढत्या तोफेचा प्रकल्प २०१३ मध्ये हाती घेतला. भारत फोर्ज आणि टाटा या दोन खासगी उद्योगसमूहांना तिच्या विकासात सामावून घेण्यात आले. सुमारे ४८ किलोमीटरपर्यंत मारा करणारी ही तोफ ‘अटॅग्स’ या नावाने ओळखली जाते. संरक्षण खरेदी परिषदेने २०१८ मध्ये अशा १५० तोफांची गरज मान्य केली. २०२० मध्ये पोखरणच्या चाचणीत नळी फुटून चौघे जखमी झाले आणि काम लांबले. २०२२ मध्ये तिच्या चाचण्या पार पडल्या आणि त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरच्या सलामीत या तोफेचा आवाज देशाने ऐकला. खरेदीचा करार मात्र २६ मार्च २०२५ रोजी झाला: ३०७ तोफा, त्या ओढणारी ३२७ वाहने आणि सुमारे ६,९०० कोटी रुपये.

संकल्पनेपासून करारापर्यंत बारा वर्षे गेली. नवी तोफ घडवायला वेळ लागतो, आणि या बारांपैकी बरीच वर्षे संशोधकांनी सत्कारणी लावली आहेत, हे मान्यच केले पाहिजे. तरीही मान्यता, चाचण्यांच्या फेऱ्या, निविदा, वाटाघाटी आणि मंत्रिमंडळाच्या समितीची मंजुरी यांत गेलेला काळ पाहिला, की एक गोष्ट लक्षात येते. या सगळ्या काळात अटॅग्सची एकही बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, एखाद्या तोफखाना रेजिमेंटकडे रोजच्या वापरासाठी सोपवलेली नव्हती. सहा तोफांची एक बॅटरी २०१८ च्या सुमारास विकत घेऊन एखाद्या रेजिमेंटच्या हवाली केली असती, तर सुमारे १८ टन वजनाची ही तोफ डोंगराळ रस्त्यांवर कशी वागते, तिच्या विद्युत यंत्रणेला कोणती देखभाल लागते, तोफचींना काय गैरसोयीचे वाटते, याची वर्षानुवर्षांची नोंद करारापूर्वीच हाती आली असती. चाचणी काही आठवड्यांची असते आणि निर्मात्याचे अभियंते तेव्हा शेजारी उभे असतात. वापर वर्षभराचा असतो आणि तिथे जवान एकटा असतो. प्रायोगिक लष्करी साहित्याच्या खरेदीला वेग द्यायचा असेल तर तो नेमका इथे, पहिली छोटी ऑर्डर देण्याच्या टप्प्यावर द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतरच्या मोठ्या ऑर्डरीसाठी आजच्याइतकीच, किंबहुना आजच्यापेक्षा अधिक, काटेकोर पारख असावी.

आपली आजची पद्धत दोन्ही ऑर्डरींना जवळजवळ एकाच वाटेने नेते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेल्या संरक्षण संपादन कार्यपद्धतीनुसार भांडवली खरेदीसाठी, म्हणजे शस्त्रे आणि मोठी उपकरणे घेण्यासाठी, आधी सेनादलाने आपल्या गरजेचे गुणात्मक निकष, ज्यांना सगळे ‘क्यूआर’ म्हणतात, ते लिहायचे. मग गरजेची मान्यता, म्हणजे ‘एओएन’ मिळवायची. त्यानंतर ‘आरएफपी’, म्हणजे कंपन्यांकडून प्रस्ताव मागवणारी निविदा निघते, तांत्रिक प्रस्तावांची छाननी होते, मैदानी चाचण्या होतात, त्या चाचण्यांचे सेना मुख्यालयाकडून मूल्यमापन होते, किमतीची वाटाघाटी समिती बसते आणि शेवटी सक्षम अधिकाऱ्याची सही होते. यातला प्रत्येक टप्पा कोणत्या तरी जुन्या चुकीतून शिकून घातलेला आहे. परदेशी बनावटीची शेकडो विमाने घेताना तो असलाच पाहिजे. अडचण अशी, की एखाद्या नव्या कंपनीने बनवलेली वीस उपकरणे वर्षभर वापरून पाहायची असतील तरीही नस्ती, म्हणजे फाइल, याच पायऱ्या थोड्याफार फरकाने चढते, आणि प्रत्येक पायरीवर तिला नवा प्रश्न विचारणारा कोणी तरी असतोच.

चाचण्यांचे वेळापत्रक हा या दिरंगाईतला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. उन्हाळ्यातली चाचणी राजस्थानात मे-जूनमध्येच होऊ शकते आणि अतिउंचीवरची थंडीतली चाचणी लडाखमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यानच. एखादा मोटारचा भाग वेळेत आला नाही, मैदान दुसऱ्या युनिटच्या सरावासाठी राखून ठेवलेले निघाले किंवा चाचणी पथकाच्या प्रमुखाची बदली झाली, तर नुकसान पंधरा दिवसांचे होत नाही; तो ऋतू हातचा जातो आणि पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते. शिवाय बहुतेक चाचण्या ‘एनसीएनसी’ तत्त्वावर होतात, म्हणजे सरकारचा खर्च नाही आणि सरकारची बांधिलकीही नाही. उपकरणे नेणे, माणसे पाठवणे, त्यांची महिनाभर राहण्याची सोय करणे, सुटे भाग आणि बॅटऱ्या सोबत ठेवणे, हे सारे कंपनीने स्वतःच्या खिशातून करायचे. चार हजार मीटरच्या वर हवा विरळ होते, तिथे ड्रोनच्या पंख्यांना तेवढीच उचल मिळवण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते, शून्याखाली वीस अंशांवर लिथियमची बॅटरी मैदानातल्यापेक्षा कितीतरी लवकर मान टाकते, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत नीट चाललेले यंत्र तिथे दोन मिनिटांत खाली येते. असे होणे स्वाभाविक आहे. प्रयोग त्यासाठीच असतो. पण बांधिलकी नसलेल्या चाचणीत हा अनुभव ‘अनुत्तीर्ण’ या शेऱ्याखाली संपतो. तेच उपकरण विकत घेतलेले असते तर त्याच अनुभवातून दुसरी, सुधारलेली आवृत्ती तयार झाली असती.

मोठ्या उद्योगसमूहाला अशी दोन-तीन वर्षे सोसता येतात. चाळीस-पन्नास माणसांच्या कंपनीला येत नाहीत. चाचणी झाली, अहवाल चांगला गेला, आणि पुढे कळवू असे उत्तर मिळाले, की अशी कंपनी पगारासाठी दुसरीकडे वळते. तिचे चांगले अभियंते बंगळूरला किंवा परदेशात जातात. शेती फवारणीच्या ड्रोनांत किंवा सर्वेक्षणाच्या कामात ती रमते, आणि सेनेला तिची गरज भासते तेव्हा त्या विषयातले कौशल्य तिच्याकडे उरलेले नसते.

दिरंगाईची दुसरी किंमत तंत्रज्ञान शिळे होण्याची आहे. निकष लिहिले जातात तेव्हा जे बाजारात उत्तम असते, ते करार होईपर्यंत जुने झालेले असते. तोफेच्या नळीचे आयुष्य दशकांचे असल्याने तिथे हे काही अंशी चालून जाते. ड्रोन, त्यांना निकामी करणारी यंत्रे, रेडिओ आणि सॉफ्टवेअर यांच्या बाबतीत अजिबात चालत नाही. युक्रेनच्या युद्धात रेडिओवर चालणाऱ्या, कॅमेऱ्यातून पाहत उडवल्या जाणाऱ्या छोट्या एफपीव्ही ड्रोनांना जॅमरने अडवायला सुरुवात झाली तेव्हा फायबर ऑप्टिकची बारीक तार मागे सोडत जाणारे ड्रोन आघाडीवर आले, आणि हे चक्र महिन्यांच्या हिशेबात फिरत राहिले. आपल्यालाही याचा अनुभव आला आहे. ऑपरेशन सिंदूरच्या काळात, ८ मे २०२५ च्या रात्री, पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे सरकारनेच सांगितले. त्या रात्री आपली हवाई संरक्षण यंत्रणा उत्तम चालली, याचा अभिमान आहेच. पण पुढच्या खेपेला येणारे ड्रोन त्या रात्रीसारखेच असतील असे कोणीही गृहीत धरू नये.

यावर सरकारचे नेहमीचे उत्तर म्हणजे तातडीची खरेदी. उरी, बालाकोट, गलवान आणि सिंदूर, प्रत्येक प्रसंगानंतर सेनादलांना ठरावीक रकमेपर्यंत थेट करार करण्याचे विशेष अधिकार देण्यात आले. या अधिकारांनी चांगलेही काही घडले आहे. गलवाननंतर नवी मुंबईच्या आयडियाफोर्जला ‘स्विच’ ड्रोनांची ऑर्डर मिळाली ती जानेवारी २०२१ मध्ये. नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाने बनवलेले, लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारे नागास्त्र-१ सेनेने याच मार्गाने घेतले आणि मागणीतल्या ४८० पैकी १२० नग जून २०२४ मध्ये सुपूर्दही झाले. सिंदूरनंतर जून २०२५ मध्ये १,९८१.९० कोटी रुपयांचे १३ करार झपाट्याने झाले. इच्छा असेल तर आपली यंत्रणा किती वेगाने काम करू शकते, याचा हा पुरावाच आहे.

तरीही तातडीची खरेदी हे प्रायोगिक खरेदीचे उत्तर होऊ शकत नाही. ती संकट कोसळल्यावर सुरू होते, आणि तेव्हा जे तयार असेल तेच घ्यावे लागते. कारगिलच्या वेळी घाईघाईने केलेल्या खरेदीचा महालेखापरीक्षकांनी नंतर आढावा घेतला, तेव्हा मागवलेल्या मालापैकी बहुतांश माल लढाई थांबल्यावर पोहोचल्याचे आढळले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. घाईतल्या खरेदीचा दुसरा धोका फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसला. सीमेवर सामान वाहून नेण्यासाठी मागवलेल्या ४०० ड्रोनांचे करार सेनेने रद्द केले, कारण त्यांत चिनी बनावटीचे भाग असल्याचे निष्पन्न झाले. ज्या सीमेवर चीनच समोर उभा आहे तिथे चिनी इलेक्ट्रॉनिक भाग असलेले ड्रोन पाठवण्याची वेळ आली, कारण ऑर्डर थेट शेकड्यांत दिली गेली. आधी दहा ड्रोन विकत घेऊन, ते उघडून, प्रत्येक भाग कुठून आला हे तपासून वर्षभर वापरले असते, तर ही गोष्ट मोठ्या करारापूर्वीच समोर आली असती.

छोट्या, लवकर केलेल्या वापराचे आपल्याकडचे सर्वांत चांगले उदाहरण त्याच पाषाणच्या संस्थेने दिले आहे. पिनाक अग्निबाण प्रणाली १९९९ मध्ये रीतसर सेनेत दाखल झालेली नव्हती. तरीही कारगिलच्या लढाईत ती नेण्यात आली आणि डोंगरमाथ्यांवरच्या शत्रूच्या ठाण्यांवर तिने मारा केला. त्या अनुभवानंतर तिची पहिली रेजिमेंट उभी राहायला वेळ लागला नाही, आणि पुढे तिच्या अधिक पल्ल्याच्या आवृत्त्या आल्या. तेव्हा युद्धाने नियम बाजूला सारले. शांततेच्या काळात असेच घडावे यासाठी नियम करता येणार नाही का, एवढाच माझा प्रश्न आहे.

नियम करायचा तर त्याला पैसा लागेल, आणि तो फार लागणार नाही. संरक्षणातील नवउद्योगांसाठीची ‘आयडेक्स’ योजना एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईत जाहीर झाली. तिच्यात सुरुवातीला दीड कोटींपर्यंत, पुढे दहा कोटींपर्यंत आणि २०२४ पासूनच्या ‘अदिती’ उपयोजनेत पंचवीस कोटींपर्यंत विकासनिधी मिळतो. ही योजना खरोखर चांगली आहे आणि तिने शेकडो तरुण अभियंत्यांना संरक्षणाच्या कामाकडे वळवले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिला सुमारे ४५० कोटी रुपये मिळाले. त्याच वर्षी संरक्षणाचा भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटींचा होता. म्हणजे नवे साहित्य घेण्याच्या दर चारशे रुपयांमागे एक रुपया नव्या कल्पनांच्या वाट्याला आला. सरकारी आकड्यांनुसार २०२५ च्या आरंभी या योजनेतले विकासाचे करार ४३० च्या घरात होते, तर खरेदीपर्यंत पोहोचलेल्या वस्तू ४३. काही प्रकल्प अजून अपूर्ण आहेत, त्यामुळे या दोन आकड्यांवरून योजनेला दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण निधी मिळाला, नमुना बनला, आणि पुढे ऑर्डरीसाठी वाट पाहणे सुरू झाले, असा अनुभव या क्षेत्रातल्या माणसांना नवा नाही.

माझी सूचना अशी, की भांडवली तरतुदीचा ठरावीक हिस्सा, सुरुवातीला अगदी एक टक्का जरी असला तरी, केवळ प्रायोगिक साहित्याच्या छोट्या खरेदीसाठी राखून ठेवावा आणि तो वर्षअखेरीस रद्द होऊ नये. २०२४-२५ मध्ये भांडवली तरतुदीतले सुमारे १२,५०० कोटी रुपये सुधारित अंदाजात कमी झाले. एक टक्क्याची रक्कम त्याच्या निम्म्याहूनही बरीच कमी भरते. हा निधी दिल्लीत न ठेवता लढाऊ कमांडच्या हाती द्यावा. लष्करी कमांडच्या प्रमुखांना विशेष आर्थिक अधिकार आजही आहेत; त्यांची व्याप्ती वाढवून उधमपूरच्या उत्तर कमांडला, जी सियाचीनची थंडी आणि काश्मीरची जंगले दोन्ही जाणते, स्वतःच्या गरजेचे वीस-पंचवीस नग थेट घेता यावेत. गरज एका पानात लिहावी. किती वजन हवे, किती उंची हवी हे ठरवून देण्याऐवजी कोणती अडचण सोडवायची आहे ते लिहावे. निर्णय तीन महिन्यांत व्हावा, पैसे माल पोहोचताच मिळावेत, आणि वापराचा अहवाल वापरणाऱ्या युनिटनेच लिहावा. नौदलाने स्वतःचे जहाज-आरेखनकार गेली सहा दशके सांभाळले आहेत आणि त्यामुळे आपल्या बहुतेक युद्धनौका आज देशात बनतात. वापरणारा आणि घडवणारा जवळ आले की काय होते, ते तिथे दिसते.

या सूचनेतला सर्वांत अवघड भाग पैशाचा नाही, मनातल्या भीतीचा आहे. १९८६ च्या बोफोर्स करारावरून जे वादळ उठले, त्यानंतर तीन दशके भारतीय सेनेला एकही नवी मध्यम तोफ मिळाली नाही. तोफ उत्तम होती, हे कारगिलने सिद्ध केले. तरीही तोफखान्याच्या नस्तीवर सही करायला कोणी धजावेना. प्रायोगिक खरेदीत तर काही वस्तू अपयशी ठरणारच. पाच कोटींच्या वीस उपकरणांपैकी निम्मी वर्षभरात मोडीत निघाली, तर लेखापरीक्षणाच्या आक्षेपाला, म्हणजे ऑडिट पॅराला, उत्तर देणारा अधिकारी तोवर निवृत्त झालेला असेल किंवा दुसऱ्या जागी असेल, पण त्याच्या नावाची नस्ती उघडी राहील. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन प्रामाणिक निर्णयाला काही संरक्षण मिळाले. ते पुरेसे नाही. प्रायोगिक निधीचे लेखापरीक्षण संपूर्ण कार्यक्रमाचे व्हावे: शंभर छोट्या ऑर्डरींतून किती वस्तू सेनेच्या उपयोगी पडल्या, अपयशातून काय कळले आणि पैसे योग्य हाती गेले का. एकेका नगाच्या अपयशाचा जाब एकेका कर्नलला विचारला जाऊ नये. लाच घेतली असेल तर अर्थातच त्याला कोणतीही सवलत नको.

घाई कुठे चालणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. वर्धा जिल्ह्यात पुलगाव येथील मध्यवर्ती दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत १९ जणांचा बळी गेला, त्यांत अधिकारीही होते. तिच्या मुळाशी सदोष रणगाडाविरोधी सुरुंग असल्याचे पुढे आले. स्फोटक, फ्यूज, तोफेची नळी, दारूगोळा यांच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांतला एक दिवसही कमी करण्याच्या मी विरोधात आहे. पोखरणला २०२० मध्ये अटॅग्सची नळी फुटली ती चाचणीत फुटली, आणि ती चाचणी झाली म्हणूनच पुढचा अनर्थ टळला. प्रायोगिक खरेदीच्या नियमात म्हणूनच साहित्याचे वर्ग पाडावे लागतील. टेहळणीचे ड्रोन, संवेदक, संपर्कयंत्रे, जवानाचे कपडे आणि निवारे, सॉफ्टवेअर यांना जलद मार्ग. स्फोटके वाहणाऱ्या वस्तूंना सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज एकही नग नाही. त्याचप्रमाणे भाग कुठून आले याची तपासणी पहिल्या दहा नगांपासून सक्तीची असावी.

पक्षपाताचा आक्षेप अधिक गंभीर आहे. निविदेशिवाय छोट्या ऑर्डरी दिल्या तर ओळखीच्या कंपन्यांचे फावेल, आणि पहिली ऑर्डर मिळालेल्या कंपनीला दुसरी आपोआप मिळेल, ही भीती निराधार नाही. तिच्यावरचा उपाय मला दोन गोष्टींत दिसतो. पहिली, एकाच अडचणीसाठी शक्य तेव्हा दोन किंवा तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडून नग घ्यावेत आणि ते एकाच युनिटमध्ये शेजारी शेजारी वापरावेत. दुसरी, मोठी ऑर्डर खुल्या स्पर्धेनेच द्यावी, पण त्या स्पर्धेत वर्षभराच्या वापराच्या नोंदीला गुण असावेत आणि केवळ सर्वांत कमी किमतीच्या, म्हणजे ‘एल-१’ च्या, निकषावर निकाल लागू नये. नवी वस्तू घडवायला ज्याने पाच वर्षे घालवली, त्याचे आरेखन निविदेतल्या निकषांवाटे उघडे करायचे आणि मग जो ते स्वस्तात जुळवून देईल त्याला काम द्यायचे, हा व्यवहार संशोधकावर अन्याय करणारा आहे आणि पुढच्या संशोधकाला धडा देणारा आहे. वापराच्या अहवालांचा गोषवारा, गोपनीय तपशील वगळून, दरवर्षी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवला, तर पक्षपात लपवणे बरेच कठीण होईल.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण या साखळीच्या बहुतेक कड्या आपल्या राज्यात आहेत. पाषाणला शस्त्रास्त्रांच्या आणि स्फोटकांच्या प्रयोगशाळा आहेत, दिघीला अभियांत्रिकी साहित्याची, अहिल्यानगरला वाहनांची. देवळालीला तोफखान्याची प्रशिक्षण संस्था आहे. खडकी, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी येथे आयुध कारखाने आहेत. भोसरी आणि चाकणच्या छोट्या कारखान्यांत शतांश मिलिमीटरच्या अचूकतेने काम करणारे कारागीर आहेत. देवळालीचा तोफची आणि भोसरीचा कारखानदार यांच्यात अंतर साधारण दोनशे किलोमीटरचे आहे, पण कारखानदाराने बनवलेली वस्तू तोफचीच्या हाती पडायची तर ती दिल्लीमार्गे जाते.

संरक्षण मंत्रालयाने २०२५ हे वर्ष सुधारणांचे म्हणून जाहीर केले आणि काही पावले खरोखर टाकली. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या खरेदी नियमपुस्तिकेत विकासाच्या काळात उशिराबद्दल दंड आकारायचा नाही, आणि यशस्वी वस्तूला पाच वर्षांपर्यंतच्या ऑर्डरींची हमी देता येईल, अशा तरतुदी आहेत. त्या स्वागतार्ह आहेत, पण ती पुस्तिका महसुली खरेदीची, म्हणजे सुटे भाग आणि देखभालीसारख्या नेहमीच्या खर्चाची आहे. भांडवली खरेदीच्या २०२० च्या कार्यपद्धतीचा फेरआढावा घेण्यासाठीही मंत्रालयाने २०२५ मध्ये समिती नेमली. त्या फेररचनेत प्रायोगिक खरेदीसाठी स्वतंत्र प्रकरण असावे, त्यात कमांडला थेट अधिकार, न बुडणारा निधी, तीन महिन्यांची मुदत आणि कार्यक्रमाचे एकत्रित लेखापरीक्षण या चार तरतुदी असाव्यात, अशी मागणी उद्योगसंघटनांनी, निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी आणि आपल्या राज्यातल्या खासदारांनी एकत्रितपणे लावून धरली पाहिजे.